घड्याळ दहा मिनिटांचं, तपास कितीही दिवसांचा

30 एप्रिल 2015 रोजी शिकागोत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) सुरू होत होता. ज्यांचं नाव पहिल्याच रात्री पुकारलं जाणार असं सगळे धरून चालले होते, त्यांपैकी एक होता लाएल कॉलिन्स. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा खेळाडू, सहा फूट चार इंच उंच, वजन 135 किलोच्या पुढे. पण त्या संध्याकाळी तो शिकागोत नव्हता. आधीच गाशा गुंडाळून तो बॅटन रूजला, आपल्या गावी परतला होता. पोलिसांना त्याच्याशी बोलायचं होतं.

24 एप्रिलला बॅटन रूजमध्ये एका गरोदर तरुणीला तिच्या घराच्या दारातच गोळ्या घालून मारलं गेलं. कॉलिन्सची तिच्याशी पूर्वी जवळीक होती. पोलिसांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं की कॉलिन्स संशयित नाही, तिला ओळखणाऱ्या अनेकांशी आम्ही बोलतोय, त्यांतला तो एक. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, त्याला अटक झाली नाही. तरीही पुढच्या तीन दिवसांत 256 खेळाडू निवडले गेले आणि त्यांत कॉलिन्सचं नाव नव्हतं.

आता याच्याशेजारी 2023 ची गोष्ट ठेवा. जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा जेलन कार्टर. दोन जणांचा जीव घेणाऱ्या कार अपघाताच्या प्रकरणात त्याच्यावर रीतसर आरोप ठेवले गेले, अटक वॉरंट निघालं, कोर्टाने शिक्षाही दिली. तो नवव्या क्रमांकावर निवडला गेला.

ज्याच्यावर आरोपच नाही तो शेवटपर्यंत बाहेर, आणि ज्याला शिक्षा झाली तो पहिल्या दहांत. हे उलटं दिसणारं गणित समजून घ्यायचं तर आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते बघायला हवं.

बोली नाही, पाळी

इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळतात तो. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग, संघ 32. विद्यापीठांकडून खेळणारी मुलं दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्टमधून या लीगमध्ये येतात.

आयपीएलच्या लिलावामुळे आपल्याला वाटतं की खेळाडू हवा असेल तर बोली लावायची. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. गेल्या मोसमात जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली. सात फेऱ्या होतात. ज्याने निवडलं त्या संघाशीच खेळाडूने करार करायचा. 2011 पासून तर कितव्या क्रमांकाला साधारण किती पैसे हेही ठरून गेलं आहे. 2015 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला चार वर्षांचे अडीच कोटी डॉलर मिळाले, सत्ताविसाव्याला 80 लाखांहून थोडे जास्त. सातव्या फेरीत निवड झाली तर किमान पगाराच्या जरा वर. थोडक्यात, तुमचा क्रमांक हाच तुमचा भाव. दहा जागा घसरलात की कोट्यवधी रुपये गेले, मग कारण काहीही असो.

प्रत्येक पाळीला घड्याळ लावलेलं असतं. या गोष्टींच्या वर्षांत पहिल्या फेरीत दहा मिनिटं होती, दुसरीत सात, पुढे पाच, शेवटच्या फेरीत चार. हे वेळेचं लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

घड्याळ सुरू होण्याआधी महिनोन्‌महिने चौकश्या झालेल्या असतात हे खरं. इंडियानापोलिसला कॉम्बाइन नावाचं शिबिर भरतं. तिथे मुलांना पळवतात, उड्या मारायला लावतात, त्यांचे गुडघे-खांदे डॉक्टर तपासतात आणि संघांचे लोक त्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात. बहुतेक संघांच्या पदरी सुरक्षा विभागाचा एखादा प्रमुख असतो, पुष्कळदा निवृत्त पोलीस किंवा एफबीआय अधिकारी. तो शाळेतल्या प्रशिक्षकापासून वसतिगृहाच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांशी बोलून येतो. या सगळ्याचं सार एका यादीत उतरतं. तिला ‘बोर्ड’ म्हणतात. एखाद्याबद्दल फारच वाईट कानावर आलं तर त्याला ‘बोर्डवरून उतरवतात’. म्हणजे तो शेवटच्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला तरी त्याला घ्यायचं नाही.

यात ‘कॅरेक्टर कन्सर्न’ नावाचा एक शिक्का असतो आणि माझा त्यावर राग आहे. सरावाला उशिरा येणारा, गांजा ओढताना सापडलेला आणि बाईवर हात उचललेला, तिघांवर तोच शिक्का. वाचणाऱ्याला काय कळणार?

‘तपासात अडकला’ म्हणजे नेमकं कुठे?

बातमीत तीनच शब्द असतात: पोलीस तपासात अडकला. पण त्या तीन शब्दांत बऱ्याच पायऱ्या असतात.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे ज्याच्याकडे माहिती असू शकते असा माणूस. कॉलिन्स इथे होता. त्याच्या वर संशयित. मग अटक. आपल्याकडे पोलीस तपास पुरा करून कोर्टात आरोपपत्र दाखल करतात. अमेरिकेत आरोप ठेवायचा की नाही हे ठरवतो सरकारी वकील, डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, आणि बहुतेक ठिकाणी तो लोकांनी मतं देऊन निवडलेला असतो. गंभीर गुन्ह्यांत अनेक राज्यांत आणखी एक चाळणी लागते, ती ग्रँड ज्युरीची. सामान्य नागरिकांचं हे मंडळ बंद दाराआड पुरावा ऐकतं आणि खटला भरण्याइतकं त्यात काही आहे का ते सांगतं. ते नाही म्हणालं की प्रकरण बहुधा तिथेच थांबतं.

गुन्ह्यांच्याही दोन जाती. फेलनी म्हणजे गंभीर, तुरुंगात वर्षानुवर्षं काढायला लावणारा. मिसडिमीनर म्हणजे हलका, दंड, प्रोबेशन (कैदेऐवजी देखरेखीखाली राहणं) किंवा फार तर वर्षभराची कैद. आणि ‘नो कॉन्टेस्ट’ नावाची एक सोय आहे. आरोपी म्हणतो, मी गुन्हा कबूल करत नाही, पण लढतही नाही, काय शिक्षा द्यायची ती द्या.

यातल्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि पोलिसांना ड्राफ्टच्या तारखेचं काही सोयरसुतक नसतं. असूही नये. खुनाच्या तपासात कुणाचा जबाब आज घ्यायचा आणि कुणाचा सोमवारी, हे एका खेळाडूच्या करारावरून ठरायला लागलं तर त्या मेलेल्या मुलीच्या आईने कुणाकडे बघायचं?

एक गल्लत मात्र नेहमी होते. ‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे तत्त्व सरकारला आणि कोर्टाला बांधतं. संघाला ते बांधत नाही. संघ कुणाला तुरुंगात टाकत नसतो, तो नोकरी देत असतो, आणि ‘आम्हाला हा नको’ म्हणायला त्याला पुरावा लागत नाही. अर्धी शंकाही पुरते.

सात दिवस विरुद्ध साडेतीन महिने

कॉलिन्सच्या बाबतीत ती अर्धी शंका बरोबर चुकीच्या वेळी आली. खून आणि ड्राफ्ट यांच्यात सात दिवसही नव्हते. पोलिसांना त्याच्याशी बोलायचं आहे ही बातमी फुटली तेव्हा ड्राफ्टला दोनच दिवस राहिले होते. वकिलांनी जबाबाची वेळ ठरवली ती 4 मेची, म्हणजे ड्राफ्ट संपल्यानंतरची. कुठल्याही चांगल्या वकिलाने हेच केलं असतं, कारण घाईत दिलेला जबाब पुढे अंगाशी येतो. पण संघांच्या खोलीत त्याचा अर्थ एवढाच होता की शनिवारपर्यंत काहीच कळणार नाही.

एजंटांनी लीगला विनंती केली की या वर्षी त्याचं नाव मागे घेऊ द्या. लीगने नकार दिला.

वातावरणही आठवा. बाल्टिमोर संघाच्या रे राइसने लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला ठोसा मारतानाचा व्हिडिओ सप्टेंबर 2014 मध्ये जगाने पाहिला होता. आधी फक्त दोन सामन्यांची बंदी घातली म्हणून लीगची छी-थू झाली होती. डिसेंबरमध्ये नवं वर्तन धोरण आलं होतं. अशा वेळी गरोदर स्त्रीच्या खुनाच्या बातमीत ज्याचं नाव आहे, त्याला टीव्हीवर आपल्या संघाची टोपी घालून मिरवायची हिंमत कुठल्याच मालकात नव्हती.

कार्टरचं वेळापत्रक बघा. अपघात 15 जानेवारी 2023 च्या पहाटेचा, जॉर्जियातल्या अथेन्स गावी, विजेतेपदाच्या मिरवणुकीनंतर काही तासांतला. दोन गाड्या शर्यत लावल्यासारख्या धावत होत्या. एक रस्ता सोडून आदळली आणि तिच्यातला एक खेळाडू आणि संघाची एक कर्मचारी गेली. दुसरी गाडी कार्टरची. 1 मार्चला वॉरंट निघालं तेव्हा तो कॉम्बाइनला होता. विमानाने अथेन्सला गेला, तुरुंगात नोंद करून जामिनावर सुटला आणि पुन्हा इंडियानापोलिसला आला. 16 मार्चला ‘नो कॉन्टेस्ट’. बेदरकार वाहन चालवणं आणि शर्यत लावणं, दोन्ही हलके गुन्हे. शिक्षा: 12 महिने प्रोबेशन, 1,000 डॉलर दंड, 80 तास समाजसेवा.

ड्राफ्टला तेव्हा सहा आठवडे बाकी होते. फाइल बंद झाली होती. संघांना शिक्षेचा आकडा मिळाला होता, आणि आकडा मिळाला की त्याची किंमत लावता येते. लोक मग वेगळ्याच गोष्टींवर बोलायला लागले: वजन नऊ पौंड वाढलंय, युनिव्हर्सिटीत घेतलेल्या चाचणीत दम लागून कसरती अर्ध्यावर सोडल्या. दोन माणसं गेली होती आणि चर्चा नऊ पौंडांची! त्याच्या एजंटने तर उलटी खेळी केली. ज्यांची पाळी पहिल्या दहांत आहे त्याच संघांना भेटी देईन, बाकीच्यांनी तसदी घेऊ नये. फिलाडेल्फिया ईगल्सची पाळी दहावी होती. त्यांनी पुढच्या वर्षीची चौथ्या फेरीतली निवड शिकागोला देऊन एक जागा वर सरकून त्याला घेतलं. करार दोन कोटी डॉलरच्या वर.

म्हणून मला वाटतं, ड्राफ्टच्या खोलीत दोष मोजतच नाहीत. मोजतात ती अनिश्चितता. झालेली शिक्षा पचते, न झालेली चौकशी पचत नाही.

पण हेही पारखून बघायला हवं. 2017 मध्ये ओहायो स्टेटच्या गॅरियॉन कॉन्लीवर क्लीव्हलँडमधल्या एका हॉटेलात बलात्कार केल्याची तक्रार झाली. ड्राफ्टला तीन आठवडेही उरले नव्हते. त्याने आरोप साफ नाकारला. माझ्या हिशेबाने तोही कॉलिन्ससारखाच गळायला हवा होता. पण ओकलंड रेडर्सनी त्याला चोविसाव्या क्रमांकावर घेतलं. फरक काय? कॉन्लीची बाजू मांडणारे तयार होते. त्याने ड्राफ्टच्या आधल्या दिवशीच पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी दिली आणि तो पास झाल्याचं वकिलाने सांगितलं. रेडर्सनीही आपल्या परीने चौकशी केली होती.

पॉलिग्राफबद्दल जाता जाता. अमेरिकेतल्या बहुतेक कोर्टांत त्याला पुरावा म्हणून उभं करत नाहीत. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की ही चाचणी माणसाच्या मर्जीविरुद्ध करताच येणार नाही. म्हणजे जो कागद कोर्टात चालत नाही त्याच्यावर पहिल्या फेरीची निवड तरली. कारण रेडर्सना सत्य नको होतं, त्यांना दहा मिनिटांपुरता आधार हवा होता. जुलैअखेरीस ग्रँड ज्युरीने कॉन्लीवर आरोप ठेवायला नकार दिला.

नको तेव्हा निवडू नका

आता कॉलिन्सकडे परत, कारण या सगळ्या प्रकारातला सर्वांत डोकेबाज भाग तिथे आहे.

साधा प्रश्न असा की पहिल्या फेरीचा मोहरा सातव्या फेरीत पडून आहे तर कुणीतरी लॉटरीचं तिकीट म्हणून त्याला का घेतलं नाही? सातव्या फेरीच्या निवडीची किंमत नगण्य असते. सोमवारी जबाबात काही निघालं तर सोडून द्या, नाही निघालं तर घबाड.

उत्तर एजंटांच्या इशाऱ्यात होतं. त्यांनी शुक्रवारी, म्हणजे तिसरी फेरी संपेपर्यंत, कुणी घेतलं नाही तर नंतर घेण्याच्या भानगडीत पडू नका असं सगळ्या संघांना कळवलं. घेतलंत तर तो करार करणार नाही, वर्षभर घरी बसेल आणि 2016 च्या ड्राफ्टमध्ये पुन्हा उतरेल.

ही धमकी पोकळ नव्हती. नियम असा आहे की निवड होऊनही ज्याने करार केला नाही, तो पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. ज्याची निवडच झाली नाही, त्याला मात्र पुन्हा ड्राफ्ट नाही. तो ‘अनड्राफ्टेड फ्री एजंट’, म्हणजे मोकळा. ज्याच्याशी पटेल त्याच्याशी करार करावा.

शेवटच्या फेरीत घेतलं जाण्याचा अर्थ होता चार वर्षांचा करार, जवळजवळ किमान पगार आणि संघ निवडायचा हक्क शून्य. न निवडलं जाण्याचा अर्थ तीन वर्षांचा करार, पगार तेवढाच, पण 32 दारं उघडी, आणि एक वर्ष आधी मोठा करार मागायची संधी. पहिल्या फेरीत जायचा योग टळला, तर त्यानंतरची सगळ्यात चांगली जागा यादीच्या बाहेर होती. सहाव्या-सातव्या फेरीपेक्षा कितीतरी बरी. एजंटांनी हे ओळखलं. त्या वर्षीचा शेवटचा, 256 वा खेळाडू गेराल्ड ख्रिश्चन, अ‍ॅरिझोनाने घेतला. त्याचं नाव पुकारलं गेलं तसा कॉलिन्स मोकळा झाला.

4 मेला तो पोलिसांना भेटला. पोलिसांचं म्हणणं बदललं नाही, तो संशयित नव्हताच. बाळ त्याचं नसल्याचंही पितृत्वाच्या चाचणीतून पुढे आलं. मग त्याच्यासाठी रांग लागली, आणि डॅलस काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांनी त्याला थेट आपल्या घरी जेवायला बोलावलं. 7 मेला करार झाला: तीन वर्षं, जेमतेम 16 लाख डॉलर. पण सगळे हमीचे. अनड्राफ्टेड खेळाडूला अशी पूर्ण हमी सहसा मिळत नाही, तिथे तर पोरगं ऑगस्टमध्ये घरी पाठवलं तरी कुणी विचारत नाही.

डॅलसने त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत रँडी ग्रेगरीला घेतलं होतं. तोही पहिल्या फेरीचा मानला जात होता, कॉम्बाइनच्या चाचणीत गांजा सापडल्यामुळे घसरला. हा धोका सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून त्याला भाव मिळाला. पुढे अमली पदार्थांच्या नियमांपायी ग्रेगरीवर बंद्यांवर बंद्या आल्या, 2017 चा तर आख्खा मोसम बुडाला. ज्याला कुणीच भाव दिला नव्हता तो कॉलिन्स पहिल्याच वर्षी संघात घुसला, 2017 मध्ये त्याचा करार वाढला आणि 2019 मध्ये पाच वर्षांचा, 5 कोटी डॉलरचा झाला.

हिशेबात न येणारी माणसं

कॉलिन्सची गोष्ट अमेरिकेत बहुधा ‘अन्यायातून सावरलेला खेळाडू’ अशी सांगितली जाते. ते खोटं नाही. चार वर्षांच्या पहिल्या फेरीच्या कराराचे त्याचे निदान काही लाख डॉलर तर गेलेच. पण त्या गोष्टीत त्या तरुणीचं नाव एका ओळीत येऊन जातं. तिचं बाळ शस्त्रक्रिया करून वाचवायचा प्रयत्न झाला, तेही आठवड्याभरात गेलं. तिचा आयफोन पोलिसांना उघडता येत नव्हता. 2016 मध्ये फोनच्या कुलपांवरून अ‍ॅपल आणि एफबीआय यांचं भांडण पेटलं तेव्हा बॅटन रूजच्या या बंद फोनचा दाखला थेट वॉशिंग्टनपर्यंत दिला गेला. ड्राफ्टच्या बातम्यांत यातलं काही नाही, कारण ड्राफ्टच्या बोर्डावर तिच्यासाठी रकानाच नव्हता.

लीगने 2016 पासून एक नियम केला. हिंसा, शस्त्रं किंवा लैंगिक गुन्ह्यांत ज्याला कोर्टाने दोषी ठरवलंय, त्याला कॉम्बाइनचं आमंत्रण नाही. ऐकायला कडक आहे. पण बंदी आहे ती शिबिराला, ड्राफ्टला नाही. 2014 मध्ये एका तरुणीच्या चेहऱ्यावर ठोसा मारणारा ओक्लाहोमाचा जो मिक्सन 2017 च्या कॉम्बाइनला नव्हता, ठोशाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता, आणि तो दुसऱ्या फेरीत अठ्ठेचाळिसावा निवडला गेला. संघांचे लोक इंडियानापोलिसऐवजी त्याला दुसरीकडे भेटले, एवढाच काय तो फरक.

राहिला कॉन्ली. पॉलिग्राफ, वकील, ग्रँड ज्युरी, एवढी सगळी डोकेफोड करून रेडर्सनी घेतलेला खेळाडू पहिल्या मोसमात फक्त दोन सामने खेळला. नडगीच्या दुखापतीने वर्ष खाल्लं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी त्याला तिसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात ह्यूस्टनला देऊन टाकलं.